टिळकवाडीतल्या त्या पोलिश हॉटेलात सासूसासऱ्यांना न्यावं काय? आणि मागवायचं काय?

भाग्यनगरची_वैनी

मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या. आपल्या बेळगावात टिळकवाडीत तिसऱ्या गेटच्या अलीकडं आतल्या गल्लीत, जिथं आधी झेरॉक्सचं दुकान होतं तिथं एक हॉटेल चालू झालंय. सहा टेबलं, बाहेर खडूनं लिहायची काळी पाटी आणि त्यावर 'पोलिश स्टाइल जेवण'. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर लगेच कोणतरी म्हणणार जाहिरात करालीय. चालवणारा पोरगा आपल्याकडचाच, पोलंडला किचनमध्ये काम करून आलाय म्हणे, आणि मेनूवर निम्मं त्यांचं निम्मं आपलं असं आहे, म्हणजे पिएरोगीच्या खालच्या ओळीत पनीर चिली.

ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर गेलेले. पिएरोगी मागवले, बटाट्याचं सारण, अर्ध्या चंद्रासारखे, कडेला मुरड घातलेली, वर लोण्यात परतलेला कांदा आणि बाजूच्या वाटीत घट्ट दह्यासारखं काहीतरी. मला आवडले. बाकीच्या म्हणाल्या आळणी, एकीनं तर काउंटरवरनं शेझवान चटणी मागून घेतली आणि त्यात बुडवून खाल्ले, तो मालक पोरगा बघत होता, मलाच कसंतरी झालं. मग झुरेक नावाचं सूप मागवलं तर ते चक्क आंबट, आणि आंबट म्हणजे लिंबू पिळल्यासारखं नव्हे, पीठ आंबल्यासारखं. खराब झालंय काय म्हणून वेटरला विचारलं तर तो शांतपणे म्हणतोय, अक्का ते असंच असतंय. आम्ही गप.

आता सासूसासऱ्यांच्या लग्नाचा वाढदिवस आलाय आणि दरवेळी तेच बटर नान आणि कोफ्ता खाऊन कंटाळा आलाय. सासरे माळकरी, अंडं पण चालत नाही, कांदा-लसूण एकादशी सोडून चालतो. सासूबाई मासे-मटण सगळं खातात. तर विचारायचं हे की खरंच हे जेवण असंच असतंय की आमच्या इथं कायतरी बिघडालंय, आणि सासऱ्यांच्या पोटात जाईल असं त्यात काय आहे? कोणी गेलंय काय तिथं?

कडोलकर_गल्ली_बॉय

माळकरी माणसाला पोलिश हॉटेलात? वैनी तुमच्या धाडसाला सलाम. त्यापेक्षा मांडे आणा घरी, वर तूप-दूध, विषय संपला.

खानापूर_ते_व्रोत्सवाफ

मी मूळचा खानापूर तालुक्यातला, आता इकडं पोलंडात व्रोत्सवाफला गोडाऊनमध्ये कामाला, म्हणून लिहालोय. वैनी, बिघडलेलं काय नाही. ह्यांच्या सैपाकात मिरची नसतेच म्हटलं तरी चालेल, तिखटपणा काय तो काळ्या मिरीतनं नाहीतर हॉर्सरॅडिश म्हणून एक मूळ असतंय त्यातनं, ते किसून खाल्लं की नाकातनं डोक्यात जातंय आणि मिनिटात उतरतंय पण. बाकी सगळी चव लसूण, मार्जोरमचा वाळलेला पाला, लोण्यात तांबूस होईपर्यंत परतलेला कांदा आणि शेपू ह्यांच्यावर. होय, आपला शेपूच. आपल्याकडं शेपूची भाजी केली की निम्मं घर ताटावरनं उठतंय आणि इथं नवीन बटाट्यावर शेपू, काकडीच्या कोशिंबिरीत शेपू, सूपवर शेपू, काकडीच्या लोणच्याच्या बरणीत तर फुलासकट अख्खा देठ. मी गावाकडं असताना शेपूला हात लावत नव्हतो, आता आई फोनवर हसते.

पिएरोगीचं सांगतो. पारी मैद्याची, गरम पाण्यात मळलेली. मिठाच्या उकळत्या पाण्यात सोडायचे, तरंगून वर आले की आणखी एकदोन मिनिटं आणि बाहेर. ताजे असले तर लोणी-कांदा घालून तसेच खातात, तव्यावर लाल करून खाणं हे बऱ्याच घरात उरलेल्याचं दुसऱ्या दिवशी करतात. बटाट्याच्या सारणात नुसता बटाटा नसतोय, त्वारुग म्हणून चीज असतंय आणि खरी गोष्ट तिथंच आहे. त्वारुग करताना दूध आधी आपोआप आंबट होऊ देतात, मग अगदी मंद गरम करून फाटलं की कापडात बांधून ठेवतात, त्यामुळं सारणाला एक आंबूस चव येते. आपलं पनीर उकळत्या दुधात लिंबू पिळून केलेलं, ताजं आणि गोडसर. तुमच्या हॉटेलवाल्यानं बटाट्यात नुसतं पनीर कुस्करून घातलं असलं तर आळणी लागणारच, त्यात तुमच्या मैत्रिणींचा दोष नाही. पनीरमध्ये थोडा चक्का मिसळला आणि कांदा जरा जास्त लाल केला तर बरंच जवळ जातंय, मी सुट्टीला आलो की घरी तसंच करतो. त्याला विचारून बघा, पोरगा खरंच इकडं राबलेला असला तर लगेच कळेल.

इथं बार म्लेच्नी म्हणून खाणावळी आहेत, कम्युनिस्ट काळापासूनच्या, सरकारचं अनुदान अजून मिळतंय, दूध-पीठ-बटाटा-अंडं ह्यावरचंच जेवण जास्त. ट्रे घेऊन लाईनीत उभं राहायचं, काउंटरवरची बाई ओरडून नंबर सांगते. पगाराच्या आधीच्या आठवड्यात आमचं तेच मेस. त्यामुळं हे काही पाहुणचाराचं भारी जेवण आहे असं समजून जाऊ नका, घरगुती थंडीतलं जेवण आहे, पोट भरतंय आणि झोप येते.

वडगावची_अक्का

मी गेलेय तिथं, दोनदा-चारदा, आमच्या लेकीच्या क्लासच्या शेजारीच आहे. त्या सूपचं मी सांगते.

वैनी, तुम्ही घरी आंबील करता की नाही? यल्लम्माच्या जत्रेला आंबील-घुगऱ्या खाल्लेल्या माणसानं त्या झुरेकला नाक मुरडू नये एवढंच माझं म्हणणं. मला पण पहिल्यांदा शंका आली म्हणून त्या पोराला आत जाऊन विचारलं, त्यानं ओट्यावरची काचेची बरणी काढून दाखवली, तोंडाला मलमलचं फडकं बांधलेलं. राय म्हणून एक धान्य असतंय, गव्हाच्या जातीतलं पण काळपट, त्याचं जाडसर पीठ कोमट पाण्यात कालवून ठेवायचं, आत ठेचलेला लसूण आणि तमालपत्र. खाली पिठाचा करडा गाळ बसलेला, वर पांढरट पाणी, लसणाच्या पाकळ्या तरंगालेत, आणि वास घेतला तर जुन्या ताकाचा. त्यांच्याकडं थंडी म्हणून चारपाच दिवस लागतात, आपल्या इथं उन्हाळ्यात दोन दिवसातच तयार होतंय म्हणे, तिसऱ्या दिवशी फार चढतंय म्हणून तो फ्रीजला लावतो. मग सूप करताना उकळत्या पाण्यात हे ढवळून ओतायचं, दाट होईपर्यंत शिजवायचं, मार्जोरम चुरडून घालायचा, बटाटा, सॉसेज, उकडलेलं अंडं अर्धं कापून वर. आपण आंबलेलं ज्वारीचं, नाचणीचं पीठ शिजवतो आणि गार करून ताक-जिरं घालतो, ते गरमच पितात, फरक काय तो एवढाच.

पण एक सांगू, गारठा असताना प्यायचं हे सूप. जुलै-ऑगस्टात आपल्या बेळगावच्या झडीत ते प्यालं ना तर काय लागतंय! मे महिन्यात उगाच पैसे घालवू नका.

सासऱ्यांसाठी सांगितलं तर बिनअंड्याचं बिनसॉसेजचं देतो, पण आधी सांगायला लागतंय, कारण मूळ पाणी सॉसेज उकळलेलंच वापरतो.

चिकोडीचा_शाकाहारी

अक्कांनी शेवटच्या ओळीत लिहिलं तेच खरं तर पहिल्या ओळीत पाहिजे होतं. आमचं घर जैन, मी असल्या हॉटेलात नुसतं 'व्हेज आहे काय' विचारून कधी बसत नाही, कारण वेटर होय म्हणतोय आणि त्याच्या डोक्यात व्हेज म्हणजे वर तुकडे दिसत नाहीत एवढंच असतंय. पोलिश जेवणात डुकराची चरबी तुपासारखी वापरतात, कांदा त्यात परततात, पिएरोगीवर पण चरबीचे कुरकुरीत बारीक तुकडे टाकायची पद्धत आहे. बिटाचं जे लाल सूप असतंय, बार्श्च, ते दिसायला एकदम सात्त्विक, पण बऱ्याच ठिकाणी मटणाच्या पाण्यात करतात. किसलेल्या बटाट्याची जी थालीपिठं तळतात त्यात अंडं असतंय बांधणीला. पॅनकेकमध्ये अंडं. चीजकेकमध्ये अंडं, आणि फ्रीजमध्ये सेट केलेला असला तर जिलेटिन आहे काय ते विचारा. पारीत सुद्धा काहीजण अंडं फोडतात.

तेव्हा वैनी, फोन करून आधी सांगा, वेगळी कढई, वेगळं पाणी, परतायला लोणी. ते जमत नसेल तर तो सरळ नाही म्हणेल, आणि सरळ नाही म्हणणारा हॉटेलवाला मला जास्त आवडतो. सासऱ्यांना तिथं नेऊन बसवल्यावर मग चौकशी करणं बरं दिसत नाही.

कडोलकर_गल्ली_बॉय

म्हणून म्हटलं मांडे.

निपाणी_कापडवाला

कडोलकर भाऊ, मांडे कुठं पळून जाणार नाहीत. पण तुम्ही सगळे पोलिश जेवण म्हणजे मंगळावरनं आल्यागत बोलायलाय ते बघून लिहावं वाटलं. पोलंडची माणसं आपल्या दाराशी राहून गेलीत की ओ! कोल्हापूरजवळ वळिवडे, मिरज-कोल्हापूर लाईनीवर स्टेशन आहे बघा, तिथं दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता, सुमारे ५००० माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. रशियानं पोलंडचा पूर्वेकडचा भाग घेतला तेव्हा ह्यांना घरातनं उचलून सायबेरियात नेऊन टाकलेलं, तिथनं सुटून इराणमार्गे ही लोकं हिंदुस्थानात आली. गुजरातेत नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला अनाथ पोरांना आसरा दिला ते पुष्कळांना माहीत असतंय, त्यातली पोरं पण पुढं १९४६ ला वळिवड्यालाच आली. शाळा, चर्च, दवाखाना सगळं होतं कॅम्पात. ही लोकं गेल्यावर फाळणीत आलेल्या सिंधी लोकांना ती जागा दिली आणि आज आम्ही व्यापारी जिथं होलसेल कापड भरायला जातो ते गांधीनगर म्हणजे तेच. माझे वडील बैल-बाजारागत भाव करत तिथं फिरायचे आणि मधेच एखाद्या जुन्या बराकीकडं हात करून म्हणायचे, इथं गोरी लोकं राहायची. मला तेव्हा वाटायचं इंग्रज.

कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे, आणि तिकडं वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथं जाऊन आले तेव्हा टीव्हीवर दाखवलेलं.

आता जेवणाचं. त्या बायकांनी पाच वर्षं इथल्या बाजारात मिळेल त्यावरच सैपाक केला असणार, इथलं दूध, इथला कोबी, इथला बटाटा. मग टिळकवाडीतला पोरगा पनीर घालतोय म्हणून ते 'खरं नाही' असं म्हणायचं काय कारण? मला तरी हा खरं-खोट्याचा वादच पटत नाही.

खानापूर_ते_व्रोत्सवाफ

निपाणीकर काका, वळिवड्याचं मला इथं येईपर्यंत माहीत नव्हतं, आमच्या गोडाऊनमधल्या एका म्हाताऱ्या सुपरवायझरनं विचारलं तुझं गाव कोल्हापूरपासून किती लांब. पण पनीरच्या बाबतीत नाही पटलं. खरं-खोटं जाऊ दे, पण आंबटपणा काढला की त्या पदार्थात उरतंय काय? मैदा आणि बटाटा. मग शेझवान लागणारच.

कॅम्पातला_पाववाला

आमचं घर बेळगावच्या कॅम्पात (वळिवड्याच्या नव्हे), मूळ गोव्याचं, बेकरी आजोबांपासूनची. मी त्या हॉटेलला पाव देतो त्यामुळं मी निःपक्षपाती नाही हे आधीच सांगतो.

सगळे पिएरोगीवरच अडकलाय. मांसाहारी माणसानं तिथं जाऊन बिगोस खावा. आंबवलेला कोबी आणि ताजा कोबी दोन्ही, त्यात डुकराचं मटण, सॉसेज, वाळलेली आळंबी, सुके आलुबुखार, आणि मंद आचेवर तासन्‌तास. आज केला तर उद्या परत गरम करायचा, परवा परत, दरवेळी चव वाढते. म्हणून शनिवारी केलेला तो सोमवार-मंगळवारी खावा, शनिवारी नको. कोबी आंबवायला व्हिनेगर लागत नाही, बारीक चिरून किलोला वीस ग्रॅमच्या आसपास मीठ चोळायचं, पाणी सुटतंय, त्याच पाण्यात बुडवून दाबून ठेवायचा. दाबला नाही आणि वर तुकडे उघडे राहिले की बुरशी. मालकानं पहिल्या पावसाळ्यात ते करून बघितलेलं आहे, अख्खा पिंप गेला, वास आमच्या टेम्पोपर्यंत.

माझी एकच तक्रार. त्यात तो आमचा गोव्याचा चोरीस, म्हणजे तिकडचं सॉसेज, घालतो कारण पोलिश सॉसेज इथं मिळत नाही. पोलिश सॉसेज लसूण-मिरीचं आणि धुरावर धरलेलं असतंय, चोरीसमध्ये तिखट आणि व्हिनेगर, मग सगळा बिगोस लालभडक होतो आणि आमच्या मावशीच्या सॉसेज-पावची भाजी लागते. चविष्ट आहे, शंकाच नाही, बेळगावची लोकं तर तेच मागतात. पण मी त्याला म्हटलं की नाव तरी बदल बाबा.

सासऱ्यांसाठी एक युक्ती सांगतो. पोलिश लोक आमच्यासारखेच कॅथलिक, ख्रिसमसच्या आदल्या रात्री मटण वर्ज्य, बारा पदार्थ करायची रीत. मासे असतात, पण बाकी बिटाचं सूप मटणाच्या पाण्याशिवाय, कोबी-आळंबीचे पिएरोगी, खसखशीचा रोल, सुक्या मेव्याचं उकळून केलेलं सरबत असलं सगळं. त्याला म्हणा 'आदल्या रात्रीचं जेवण कर'. उपासाचा सैपाक म्हटलं की त्याला बरोबर कळतंय काय घालायचं नाही ते. खसखशीच्या रोलमध्ये मात्र अंडं असतंय, ते चिकोडीकरांच्या यादीत टाका.

आणि लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या आमच्या उपासाच्या दिवसांच्या, आधीच्या शेवटच्या गुरुवारी तिकडं सगळे पोंच्की खातात, डोनटसारखं, आत गुलाबाचा जॅम. तो जॅम म्हणून आम्ही गुलकंद भरून दिला होता, दुपारपर्यंत ट्रे रिकामा.

भाग्यनगरची_वैनी

सगळ्यांचे आभार, जाऊन आलो. पाववाल्या काकांचं 'आदल्या रात्रीचं जेवण' वाक्य फोनवर जसंच्या तसं म्हटलं तर तो पोरगा एकदम खूश, तुम्हाला कोणी सांगितलं म्हणून विचारालता. वेगळी कढई होय म्हणाला, गोड पॅनकेक अंड्याशिवाय जमत नाही म्हणून सरळ नाही म्हणाला (चिकोडीकर, तुमची आठवण आली).

सासऱ्यांनी आळंबीला हात लावला नाही, ती आम्ही खात नाही असं जाहीर करून मोकळे. त्यांच्यासाठी बटाट्याचे केले, आणि खानापूरच्या दादांनी सांगितलेलं मी त्याला विचारलंच, तर तो म्हणाला चक्का घालत होतो पण गिऱ्हाईक 'सारण आंबलंय' म्हणून परत पाठवालेत म्हणून बंद केलं. आमच्यासाठी घालून आणले. फरक आहे, बराच आहे. मागच्या वेळी जिभेवर नुसता बटाटा राहिलेला, ह्यावेळी चावल्यावर मागनं आंबूस चव येते आणि मग तो गोडसर लाल कांदा. सासऱ्यांनी वाटीतलं घट्ट क्रीम बाजूला सारलं आणि लोणी मागून घेतलं, दोनदा. बिटाचं सूप बघून म्हणाले हे काय रंगपंचमीचं, पण प्याले. बिनसॉसेजच्या झुरेकला 'आंबीलच की, ह्याला एवढे पैसे?' म्हणून सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं बोलले आणि वाडगा पुसून संपवला. पैशाचं त्यांचं चूक नाही, वाडग्याला एकशे ऐंशी रुपये मलाही जास्तच वाटले, रायचं पीठ बाहेरनं मागवायला लागतंय म्हणून मालक सांगतो.

सासूबाईंनी कोबीच्या पानात भात-खिमा गुंडाळून टोमॅटोच्या रसात शिजवलेलं मागवलं, गोवोंप्की. आवडलं, पण घरी आल्यापासून एकच चाललंय, की पान आधी उकळत्या पाण्यात मऊ केलं तरी मधली जाड शीर तासायला पाहिजे होती, त्यानं ती ठेवली म्हणून सुरीला कापत नव्हतं. पुढच्या रविवारी स्वतः करणार आहेत, कोथिंबीर-मिरची घालून. बिगोस मिस्टरांनी खाल्ला, चोरीसवालाच, काका तुम्ही म्हणता तसा लालभडक, त्यांना तोच पाहिजे होता.

शेझवान चटणी काउंटरवर अजून आहे. बहुतेक टेबलांवर ती जालीय.

वडगावची_अक्का

मधली शीर! बरोबर आहे सासूबाईंचं, मी पण त्याला सांगितलेलं.

निपाणी_कापडवाला

रविवारी येतोय बेळगावला घरच्यांना घेऊन. टेबल बुक करायला लागतंय काय, आणि चारचाकी लावायला जागा आहे काय तिथं?

भाग्यनगरची_वैनी

संध्याकाळी साडेसातनंतर गर्दी असते, फोन करून जावा. गल्लीत गाडी शिरत नाही, मेन रोडलाच लावून चालत या. आणि बिगोस पाहिजे असेल तर रविवारी मागू नका, वर काकांनी लिहिलंय ते वाचा.